नावं बदलणाऱ्यांच्या बाजूने

नावं बदलणाऱ्यांवर माझा वर्षानुवर्षं राग होता. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेकांना तो ओळखीचा असेल. स्वतः पाठ केलेलं, मुलांकडून घोकून घेतलेलं, बरण्यांवर आणि हर्बेरियमच्या कागदांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं नाव एके दिवशी कुठल्याशा शोधनिबंधात रद्द होतं. समुद्रातल्या हिरव्या शेवाळांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडलं, की वर्गात नवं नाव सांगताना माझ्या आवाजात एक कडवटपणा यायचा. मुलांना तो कळायचा. आज मी नावं बदलणाऱ्यांच्या बाजूची आहे. बाजू बदलायला मला फार वेळ लागला आणि एक मुद्दा मी अजून सोडलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं आधीचं म्हणणं काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण ते आळसातून आलेलं नव्हतं. कोकणातल्या महाविद्यालयात मुलांच्या हाती काय असतं? सुकतीला मोकळी होणारी खडपं, एक भिंग, दाढीचं पातं आणि बरा चालला तर सूक्ष्मदर्शक. एवढ्या साधनांनी जी जात ओळखता येत नाही, ती त्या मुलाच्या दृष्टीने नसल्यातच जमा, असं मी मानत असे. माझ्यापुढे आदर्श होता फ्रेडरिक बोर्गेसेन यांचा. हा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आधी कॅरिबियन समुद्रातल्या डॅनिश बेटांवरच्या शेवाळांवर मोठं काम करून बसला होता. पुढे तो आपल्याकडे आला आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या आणि तपकिरी शैवालांवर त्याने १९३० ते १९३३ या काळात लेख लिहिले. ते लेख वाचताना आजही थक्क व्हायला होतं. पेशींची मापं, फांदीचा कोन, बुडाशी असलेल्या मुळांसारख्या धाग्यांची रचना, सगळं डोळ्यांनी पाहून आणि हाताने काढून. त्याला डीएनए लागला नव्हता. मग आम्हालाच का लागावा?

या डोळ्यांच्या विद्येवर माझं प्रेम होतं आणि आहे. मालवणच्या खडपावर हिवाळ्यातल्या अमावास्येच्या सुकतीला उतरलं, की लाट जिथे थेट आपटते त्या कातळाच्या धारेवर गडद हिरवे, ताठ केसांचे झुबके दिसतात. ती कीटोमॉर्फा अँटेनिना. एकामागे एक पेशी रचलेला बिनफांद्यांचा धागा. बोटांत धरला तर तारेसारखा खरखरीत लागतो. थोडं आत, पाणी साठून राहतं त्या खळग्यांच्या काठाला उल्वा. तिची एक लांब फीत मी नेहमी मुलांच्या हातावर पसरायला लावते. कडा चुण्या घातल्यासारख्या, रंग कोवळ्या पोपटी पानाचा, आणि जाडी इतकी कमी की तळहाताच्या रेषा आरपार दिसतात. मग पात्याने तिचा आडवा छेद घ्यायचा. हाताने घेतलेला छेद पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही. जमला, की काचपट्टीवर पेशींच्या दोनच ओळी दिसतात, एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या. अख्खं शेवाळ म्हणजे दोन पेशींची जाडी! फितीच्या मधल्या भागात पेशी उभट, कडेला जवळपास चौकोनी. हे दिसलं की आम्ही लिहायचो, उल्वा फॅसिएटा. मुलाचा चेहरा उजळायचा, माझाही.

एन्टेरोमॉर्फाचं प्रकरण माझ्या रागाचं मूळ. उल्वा म्हणजे सपाट पान, एन्टेरोमॉर्फा म्हणजे पोकळ नळी. पहिल्या वर्षाच्या मुलालाही समजेल असा हा फरक, आणि १८२० पासून या दोन वेगळ्या प्रजाती म्हणून चालत आलेल्या. २००३ साली एका निबंधाने जनुकांच्या आधारे दाखवलं की या दोन प्रजाती नाहीतच. नळीवाल्या जाती आणि पानवाल्या जाती वंशवृक्षावर एकमेकींत मिसळलेल्या आहेत. काही नळ्यांची जवळची नाती पानांशी, काही पानांची नळ्यांशी. एका जातीत तर नळी आणि पान दोन्ही रूपं सापडतात. १७५३ साली लिनियसने दोन्हींना उल्वाच म्हटलं होतं, तेच बरोबर होतं, असं त्या निबंधाच्या शीर्षकातच सांगितलेलं आहे. मी तो वाचला आणि बाजूला ठेवला. डोळ्यांना ढळढळीत दिसणारा फरक खोटा कसा असेल, हे मला कळेना. एन्टेरोमॉर्फा हे नाव मी पुढेही कितीतरी दिवस शिकवत राहिले. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तेच उत्तर धरलं जायचं, हे एक निमित्त झालं.

मला हलवलं ते वंशवृक्षाच्या आकृतीने नाही. त्या आकृत्यांकडे मी आधीपासूनच संशयाने पाहत होते. हलवलं ते बॅक्टेरियांनी. उल्वाला बॅक्टेरियामुक्त करून, अगदी निर्जंतुक पाण्यात वाढवलं तर तिचं पान होत नाही, हे प्रयोगशाळांतून १९५० च्या दशकापासून दिसत होतं. पान होत नाही म्हणजे मरत नाही. पेशी वाढतात, विभागतात, पण त्यांचा नुसता बेढब गोळा होतो. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली या कोड्यातला एक पदार्थ वेगळा काढला, थॅलुसिन. तो शेवाळ बनवत नाही, शेवाळावर राहणारा बॅक्टेरिया बनवतो, आणि तो अत्यल्प मात्रेत मिळाला तरी पेशी पुन्हा आकार धरू लागतात. २०१२ साली जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की उल्वाच्या एका जातीला पूर्ण रूप यायला दोन वेगवेगळ्या बॅक्टेरियांची सोबत लागते. एकाचे पदार्थ पेशींच्या विभाजनाला चालना देतात, दुसऱ्याचे पेशीभित्ती आणि बुडाची पकड नीट घडवतात.

हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. ज्या आकाराला मी जातीची सही समजत होते, तो आकार त्या जातीने एकटीने काढलेलाच नव्हता. त्यात बॅक्टेरियांचा हात होता, पाण्याच्या खारटपणाचा होता, उन्हाचा होता, लाटेचा होता. झाडांच्या बाबतीतही परिस्थितीनुसार पान लहानमोठं होतं, ते मला ठाऊकच होतं. पण आंब्याचं झाड फणसासारखं दिसू लागत नाही. साध्या शरीराच्या हिरव्या शेवाळांत मात्र परिस्थितीची लवचीकता दोन जातींमधल्या फरकाएवढी, कधी त्याहून मोठी असू शकते. उलटही तितकंच खरं. दोन जाती कोट्यवधी वर्षं वेगळ्या वाटांनी गेल्या तरी दोन पेशींच्या जाडीत वेगळं दिसायला जागा असून असून किती असणार?

कॉलर्पाच्या बाबतीत हे मी डोळ्यांनीच पाहिलं, आणि तेही एका विद्यार्थिनीने दाखवलं म्हणून. कॉलर्पा हे उष्ण समुद्रातलं सगळ्यात चकवणारं शेवाळ. वाळूवर, खडकावर एक हिरवी दोरी सरपटत जाते, तिच्यातून खाली मुळांसारखे झुपके आणि वर पानांसारख्या फांद्या निघतात. ही सगळी दोरी, मुळं आणि पानं धरून, एक पेशी असते. हजारो केंद्रकं, पण मध्ये एकही आडभिंत नाही. दोरी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या बारीक काड्यांचं जाळं दिसतं, इमारतीला आतून दिलेल्या टेकूंसारखं, आणि कापलेलं तोंड थोड्याच वेळात आपोआप बुजतं. आमच्याकडच्या याद्यांत कॉलर्पा रेसिमोसा आणि कॉलर्पा पेल्टाटा या दोन जाती वेगळ्या असत. पहिलीच्या फांद्यांवर द्राक्षांच्या घडासारखे फुगीर मणी, दुसरीवर देठावर बसवलेल्या चपट्या चकत्या. मी मुलांना हा फरक लांबूनही ओळखायला शिकवला होता.

एका सुकतीला ती मुलगी कातळाच्या कपारीत हात घालून बसली होती. “मॅडम, हे दोन्ही एकाच दोरीवर आहेत,” ती म्हणाली. मी म्हटलं, दोन दोऱ्या गुंतल्या असतील, सोडवून बघ. तिने सोडवलं नाही, कारण सोडवायला काही नव्हतं. दोरी एकच होती. बाहेर उन्हात आलेल्या भागावर मणी, आत कपारीच्या सावलीत गेलेल्या भागावर चकत्या. मध्ये दोन-चार फांद्या अशा, की त्यांना मणी म्हणावं की चकती हे ठरेना. तिने मला विचारलं, लेबलवर काय लिहू? त्या वेळी मी तिला जे उत्तर दिलं ते पुस्तकी होतं, आणि तिला ते पटलेलं नाही हे मला दिसत होतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की हे नवं नव्हतंच. टाक्यांमध्ये उजेड कमीजास्त करून कॉलर्पाचं रूप बदलून दाखवणारे प्रयोग १९७० आणि १९८० च्या दशकांतच झालेले होते. उजेड कमी केला की द्राक्षवाल्या रूपावर चकत्या येतात. आणि २०१४ साली या रेसिमोसा-पेल्टाटा गोतावळ्याची जनुकं तपासली गेली, तेव्हा त्यात ११ वेगवेगळ्या जाती निघाल्या. म्हणजे गंमत बघा, एकाच दोरीवरची दोन रूपं आम्ही दोन जाती म्हणून लिहीत होतो, आणि खरोखरच्या वेगळ्या जातींना मात्र एका नावाखाली दडपत होतो.

हा केवळ कपाटातल्या कागदांचा प्रश्न आहे असं कुणी म्हणेल, तर त्याने भूमध्य समुद्राकडे पाहावं. १९९० साली लिबियाच्या किनाऱ्याजवळ एक कॉलर्पा दिसली आणि पुढच्या वर्षांत झपाट्याने पसरत गेली. तिला रेसिमोसा म्हटलं गेलं. रेसिमोसा तर सगळ्याच उष्ण समुद्रांत असते, मग ही लाल समुद्रातून सुएझ कालव्याच्या वाटेने आली असणार, असा तर्क झाला. २००३ साली तपासात ती नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातली निघाली, आणि आज तिला कॉलर्पा सिलिंड्रेसिया या स्वतंत्र नावाने ओळखतात. ऐसपैस नावाखाली परकी जात वर्षानुवर्षं ओळखीचीच समजली गेली. आपल्या किनाऱ्यावर बंदरं आहेत, जहाजं येतात, त्यांच्या टाक्यांतलं पाणी येतं. उद्या मालवणात किंवा वेंगुर्ल्यात नवी कॉलर्पा आली, तर आमच्या याद्या तिला जुन्याच नावाने नोंदवून मोकळ्या होतील. याची मला खरीखुरी काळजी वाटते.

तरीही मनात एक अढी राहिली होती. जनुकांनीच सगळं ठरणार असेल, तर आम्ही जपलेले ते वाळवलेले कागद काय कामाचे? शेवाळ कागदावर चढवणं हे हाताचं काम आहे. पसरट ट्रेमधल्या पाण्यात कागद बुडवायचा, त्यावर शेवाळ तरंगत ठेवायचं, सुईच्या टोकाने एकेक फांदी मोकळी करायची, मग कागद एका बाजूने हळूच उचलत पाणी निथळू द्यायचं. वर मलमलचा तुकडा, खाली-वर टीपकागद, आणि दाब. उल्वा स्वतःच्या चिकट द्रावानेच कागदाला धरून बसते. या कामात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. नवी पद्धत हे सगळं अडगळीत टाकणार, असं मला वाटत होतं.

झालं उलटंच. लिनियसने १७५३ साली उल्वा लॅक्टुका हे नाव दिलं, त्या नावाचा मूळ नमुना लंडनच्या लिनियन सोसायटीत आहे. कागदावरचं एक वाळलेलं शेवाळ. अडीचशेहून अधिक वर्षं सगळ्या युरोपाने गृहीत धरलं की हे उत्तरेकडच्या थंड समुद्रातलं शेवाळ, कारण लिनियस स्वीडनचा. इंग्लंडपासून अमेरिकेपर्यंतच्या गार किनाऱ्यांवरच्या उल्वाला हेच नाव लावलं गेलं. २०१९ साली त्या कागदावरच्या शेवाळातून डीएनए काढून वाचल्याचं प्रसिद्ध झालं. ते थंड पाण्यातलं नव्हतं. ते उष्ण आणि कोमट समुद्रातल्या उल्वा फॅसिएटाशी जुळलं, जिचं वर्णन डेलील या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या नमुन्यावरून केलं होतं. नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुनं नाव टिकतं. म्हणून फॅसिएटा हे नाव लॅक्टुकात विलीन झालं, आणि थंड समुद्रातल्या उल्वाला फेनेस्ट्राटा हे दुसरं नाव घ्यावं लागलं.

मला या निकालाने फार मोठा आनंद दिला, आणि तो नुसता शास्त्रीय नव्हता. माझ्या मुलांच्या हातावर पसरलेली ती पोपटी फीत जगातल्या सगळ्यात जुन्या आणि प्रसिद्ध शेवाळ-नावांपैकी एकाची हक्कदार आहे, असा त्याचा अर्थ. कोकणातून लॅक्टुकाची जुनी नोंद दिसली की ती शंकास्पद मानायची, कारण लॅक्टुका गार पाण्याची, असं मी शिकवत आले होते. आता शिकवण बदलली. अर्थात त्या जुन्या नोंदी एवढ्याने आपोआप खऱ्या ठरत नाहीत. त्या कशावरून केल्या होत्या हे पाहायला मूळ नमुना हवा, आणि पुष्कळदा तोच मिळत नाही. यंत्राने शेवाळाचं कुळ सांगितलं, पण नाव कुणाचं हे सांगायला तो जुना कागदच लागला. जनुकांचा क्रम कितीही अचूक वाचा, तो ज्या नमुन्याशी ताडून पाहायचा तो नमुना कुणीतरी वाळवून, चिकटवून, जपून ठेवलेला असावा लागतो.

भारतीय समुद्रशैवालांची सुधारित यादी २००१ साली निघाली, तिच्यात ८४४ जाती आहेत. हा आकडा मी अभिमानाने सांगत असे. आता सांगताना म्हणते की या ८४४ नावांच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या हिरव्या शेवाळांच्या बऱ्याचशा नोंदी नव्याने तपासायला हव्यात. त्यातून जाती कमीच होतील असं नाही. फेलिक्स बास्ट आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नळीवाल्या उल्वांची जनुकं तपासली आणि उल्वा पश्चिमा ही जात नव्याने वर्णन केली. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळावरून त्यांनी क्लॅडोफोरा गोएन्सिसही वर्णन केली. वर्षानुवर्षं आम्ही ज्यांच्यावरून चालत गेलो त्या शेवाळांना बाहेरून आणलेली नावं पुरेशी पडत नव्हती, एवढं यातून नक्की दिसतं.

माझ्या शिकवण्यात आता काय बदललं? छेद घेणं बंद केलेलं नाही, उलट जास्त घेते. डोळ्यांनी प्रजातीपर्यंत पोचता येतं, आणि तिथपर्यंत पोचणं ही लहान गोष्ट नाही. पण तिथे थांबायला मी शिकवते. खात्री नसेल तर लेबलवर ‘कॉलर्पा’ एवढंच लिहायचं, पुढचं नाव अंदाजाने जोडायचं नाही. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज मी असं देईन. नमुन्याचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलच्या पुडीत, उरलेला कागदावर, दोन्हींवर एकच क्रमांक. फॉर्मॅलिनच्या बरणीत सगळं बुडवायचं नाही, कारण फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए मिळवणं फार अवघड होतं. आणि टिपणवहीत आधी कधी न लिहिलेल्या गोष्टी लिहायच्या: ऊन की सावली, लाटेसमोर की आडोशाला, खळग्यात की उघड्या कातळावर, जवळपास ओढ्याचं गोडं पाणी येतं का. आकार या सगळ्यांमुळे बनतो, तर आकारासोबत हे सगळं नोंदलं गेलंच पाहिजे.

एक मुद्दा सोडलेला नाही असं म्हटलं, तो पैशाचा आणि पोचेचा. जनुकांचा क्रम वाचून घ्यायला किनाऱ्यावरच्या महाविद्यालयाकडे निधी नसतो, मोठ्या संस्थांकडे पाठवलेल्या नमुन्याची वाट पाहत मुलांचं वर्ष संपतं. शिवाय जनुकांच्या सार्वजनिक संग्रहातही गफलती आहेत. उल्वाच्या तिथल्या नोंदींची फेरतपासणी झाली तेव्हा अनेक क्रमांवर चुकीची नावं सापडली. तिथे क्रम जुळला म्हणजे काम संपलं, असं मानणारे नवे अभ्यासक मला भेटतात, आणि त्यांच्याशी मी भांडते. त्यांतल्या काहींनी जिवंत कॉलर्पा खडपावर पाहिलेलीच नसते. ज्याने ती कपार पाहिली नाही, त्याला तो आकार बदलतो का हा प्रश्नही सुचणार नाही.

आणि आमच्यासारख्यांना एक विनंती आहे. कोकणातल्या जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वाळवलेली शेवाळं अजून आहेत, कित्येकांवर रद्द झालेली नावं आहेत. कपाटं रिकामी करताना, जुनं नाव चुकीचं म्हणून ते कागद टाकून देऊ नका आणि लेबल फाडून नवं चिकटवू नका. जुनं लेबल तसंच ठेवायचं असतं. त्याच्याखाली छोटी चिठ्ठी लावायची. तिच्यावर आजचं नाव, ते कशाच्या आधारे ठरवलं ते, ठरवणाऱ्याची सही आणि तारीख. पुढच्या माणसाला ते पटलं नाही, तर तिच्याखाली त्याची चिठ्ठी लागेल. कागदावर जागा भरपूर असते.